डेटलेफची वेगळी चूल

रविवारची प्रार्थना आटोपली की माळावरच्या लुथरन चर्चमधली सगळी मंडळी तळघरात कॉफीला उतरतात. जिन्याच्या डाव्या हाताच्या टेबलावर आल्विनाबाई ग्रोट बसायच्या आणि उजवीकडे, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, त्यांचा सख्खा भाऊ वेंडेल. मधल्या टेबलावर लिंबाच्या वड्यांचं ताट. वड्या दोघांनाही आवडायच्या, पण एक उठून ताटाशी गेला की दुसरा जागचा हलायचा नाही. नवे पाळक आले की पहिल्याच महिन्यात कुणीतरी त्यांच्या कानावर घालून ठेवायचं, की प्रभुभोजनाच्या वेळी या दोघांना शेजारी गुडघे टेकायला लावू नका.

मी त्या चर्चची नव्हे. माझा देव्हारा माझ्या घरात आहे आणि सकाळचा दिवा मी इतकी वर्षं आयोवात राहूनही चुकवलेला नाही. पण आल्विनाबाई माझ्या समोरच्या घरात राहायच्या, आणि त्यांची नजर अधू झाल्यावर त्यांना न्यायला-आणायला मीच होते. देवाचं नाव चाललंय तिथं बसायला मला कधी अवघड वाटलं नाही. आता त्या गेल्या. त्यांच्या अंत्यविधीत पाळक त्यांच्या नेटकेपणाबद्दल बोलले. ते खरंच होतं. पण त्या नेटकेपणानंच त्यांचं आयुष्य कुठं अडलं, ते सांगायचं राहिलं म्हणून हे लिहिते.

आल्विनाबाईंनी लग्न केलं नाही. गावच्या धान्यकोठाराच्या ऑफिसात त्यांनी उभी हयात काढली. शेतकऱ्याचा ट्रक काट्यावर चढायचा, आल्विनाबाई वजन बघायच्या, दाण्यातला ओलावा बघायच्या आणि चिठ्ठी फाडून द्यायच्या. एखादा म्हणायचा, "आल्विना, गेल्या खेपेला याहून जास्त भरला होता." त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "कुठं लिहिलंय? चिठ्ठी दाखव." चिठ्ठी नसली की बोलणं तिथंच संपलं. लोक त्यांना वचकून असत, पण त्यांच्या काट्यावर कुणी फसला नाही हेही सगळे कबूल करत.

गावाला सव्वाशे वर्षं झाली तेव्हा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे गावाचं पुस्तक काढायचं ठरलं. प्रत्येक जुन्या कुटुंबानं आपलं एक पान लिहून द्यायचं. ग्रोटांचं पान अर्थातच आल्विनाबाईंकडे आलं. सुट्टीच्या दिवशी त्या काउंटीच्या गावी जायच्या, लायब्ररीत मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे बसायच्या आणि जुन्या जनगणनेची पानं एकेक करून बघायच्या. त्यांचे पणजोबा डेटलेफ ग्रोट जर्मनीतल्या होल्स्टाइनहून येऊन इथल्या गवताळ रानात पहिला नांगर घालणाऱ्यांपैकी. दर दहा वर्षांनी सरकारी माणूस दारात येऊन माणसं लिहून घ्यायचा आणि शेतीचं वेगळं पान भरायचा. त्या पानांवरून आल्विनाबाई पणजोबांच्या मागं मागं चालत गेल्या.

संध्याकाळी माझ्याकडे आल्या की सांगायच्या, "डेटलेफनं दुसरी बैलजोडी घेतली." जसं काही कालच घेतली. कधी म्हणायच्या, "या खेपेला गहू कमी, मका जास्त. शहाणा होत चाललाय." एकदा आल्या त्या कोट न काढताच म्हणाल्या, "बायको गेली त्याची. गेल्या पानावर होती, या पानावर नाही." मी चहा केला. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचं सुतक आम्ही दोघींनी माझ्या स्वयंपाकघरात पाळलं म्हणा ना.

मग त्यांच्या हाती १९०० सालचं पान लागलं. तोवर शेत मुलाच्या, म्हणजे हिन्रिकच्या, नावावर झालं होतं. हिन्रिक म्हणजे आल्विनाबाई आणि वेंडेल यांचे आजोबा. त्या पानावर हिन्रिक, त्याची बायको, पाच मुलं, एक गडी असं एक कुटुंब लिहिलेलं. आणि त्याच घरात, त्याच्याच खालच्या ओळीवर, दुसरं कुटुंब म्हणून नवा क्रमांक टाकलेला. त्या कुटुंबात एकच माणूस. डेटलेफ ग्रोट, कुटुंबप्रमुख, विधुर, वय पंचाहत्तर.

"घर एक आणि कुटुंबं दोन," आल्विनाबाई मला म्हणाल्या. "मी नियम वाचलाय. ज्याचं जेवण वेगळं शिजतं त्याचं कुटुंब वेगळं धरायचं, असं त्या माणसांना सांगितलेलं असायचं. म्हणजे मुलानं जमीन घेतली आणि बापाला पंगतीतून उठवलं. तुमच्याकडे काय म्हणतात याला?"

माझ्या माहेरगावी वेगळी चूल मांडली म्हणजे भांडून वेगळे निघाले असंच समजतात, आणि मी तसंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण मी काही सांगितलं नसतं तरी त्यांचं ठरलेलंच होतं.

पान छापायला जाण्याआधी ते वेंडेलला दाखवायला म्हणून त्या शेतावर गेल्या. वेंडेल त्या जुन्या घरातच राहायचा, शेत तोच करायचा. मी मक्याची कणसं आणायला बरोबर गेले होते म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांवर पडलं. वेंडेलची बायको डार्लीन बीन्सच्या शेंगा मोडत होती. वेंडेलनं कागद वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"हे छापू नकोस," तो म्हणाला.

"खोटं आहे का?"

"आजोबा तसे नव्हते. मी त्यांच्या मांडीवर बसलोय. तू तेव्हा दुपट्यात होतीस."

"मांडीवर बसून माणूस कळतो होय?"

"यंत्रात डोळा घालून तरी कळतो का? पप्पा म्हणायचे, म्हाताऱ्याला पूर्वेच्या खोलीत स्वतःची शेगडी होती, स्वतःचं दार होतं. सुखात होता म्हणायचे. त्या भिंतीत धुराड्याचं भोक अजून आहे. चल दाखवतो."

"भोकावर तारीख असते का? कुठं लिहिलंय ते सांग."

"सगळंच कुठं लिहिलेलं असतं, आल्वी? मी आपल्या आईवर प्रेम करायचो ते कुठं लिहिलंय?"

डार्लीन मधे पडली. "आता कुठं दाखवणार? त्या भिंतीला माझा फ्रीजर लावलाय. अख्खं डुक्कर आहे त्यात."

"फ्रीजर हलवतो. दहा मिनिटं थांब फक्त."

आल्विनाबाईंनी पर्स उचलली. "तुला लपवायचं असेल तर लपव. मी काट्यावर जे दिसतं ते लिहिते." आम्ही निघालो. कणसं विसरलीच. वेंडेल दारात उभा होता, हातात मोठा पान्हा घेऊन. फ्रीजरची चाकं सोडवायला घेतला असावा.

पुस्तक छापून आलं. पानाच्या शेवटी वाक्य होतं, की ज्यानं ही जमीन फोडली त्या डेटलेफला म्हातारपणी स्वतःच्या मुलाच्या टेबलावर जागा नव्हती. आमच्याकडे असलं पुस्तक घरोघर जातं, न्हाव्याच्या दुकानात जातं, दवाखान्याच्या बाकावर पडून असतं. वेंडेल कॅफेत शिरला की कुणीतरी खुर्ची सरकवून म्हणायचं, "ये बाबा, आमच्या टेबलावर जागा आहे," नाहीतर, "ग्रोटांकडे जेवायला बोलावलं तर डबा घेऊन जावा लागतो म्हणे." चेष्टाच ती, तिच्यात विष नव्हतं. पण वेंडेल कॅफेत जायचा बंद झाला. बहिणीशी बोलायचाही.

पुढं वर्षं गेली. डार्लीन वारली तेव्हा आल्विनाबाई चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसल्या आणि माझ्या हाती नूडल्सचं भांडं पाठवलं. आमच्याकडे भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी चिकटवतात, परत यावं म्हणून. वेंडेलनं पट्टी वाचली, भांडं घेतलं, थँक यू म्हणाला. आठवड्यानं घासूनपुसून माझ्याच हाती परत दिलं. नावाची पट्टी जागच्या जागी. आल्विनाबाईंनी ते उलटं करून पाहिलं, आत एखादी चिठ्ठी आहे का तेही पाहिलं, आणि फडताळात ठेवलं.

मी एकदा म्हटलं, "तुम्हीच जा ना. मोठा भाऊ आहे."

"जाऊन काय सांगू? चुकलं म्हणू? चुकलं कुठं ते मला दाखवा, आत्ता जाते," त्या म्हणाल्या. वाद घालायला म्हणून नाही. त्यांना खरंच ते हवं होतं. रोज रात्री त्या भावाचं नाव घेऊन प्रार्थना करायच्या, ते मला ठाऊक होतं. पण प्रार्थनेलाही त्यांनी चिठ्ठी मागितली असावी.

मग वेंडेलला विसरायला व्हायला लागलं. आधी किल्ल्या, मग वाटा, मग माणसं. त्याच्या मुलीनं, कॉनीनं, त्याला काउंटीच्या गावच्या वृद्धगृहात ठेवलं आणि शेत शेजाऱ्याला विकलं. शेजाऱ्याला जमीन हवी होती, घर नको होतं. अशी घरं आमच्याकडे गावच्या अग्निशमन दलाला देतात. हौशी पोरं आग लावून विझवायचा सराव करतात आणि शेवटी जळू देतात. कॉनीचा फोन आला, "आत्या, शनिवारी घर जाळणार आहेत. काही न्यायचं असेल तर शुक्रवारी ये. दार उघडंच आहे."

आम्ही गेलो. अंगणात ग्रोटांच्या जुन्या शेजारीण लिओना बुक नव्वदीच्या वयात फावडं घेऊन पिओनीचे कंद उकरत होत्या. पडणाऱ्या घरातली फुलझाडं शेजारणींनी न्यायची ही इथली पद्धतच आहे. आत सगळं रिकामं. सरावासाठी पोरांनी जागोजाग भिंतीचा गिलावा फोडून ठेवला होता. फ्रीजर गेला होता. पूर्वेच्या खोलीत, जिथं तो होता तिथला कागद सोललेला आणि त्याखाली ताटलीएवढं गोल पत्र्याचं झाकण. आल्विनाबाईंनी ते नखानं उचकटलं. भोकातून काजळी त्यांच्या कोटाच्या बाहीवर पडली.

बाहेरच्या भिंतीत दाराच्या आकाराच्या फळ्या नंतर ठोकलेल्या दिसत होत्या. पण त्या बघत होत्या ते दुसरंच. पूर्वेची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधला उंबरठा. ओकच्या लाकडाचा, आणि मधोमध इतका झिजलेला की त्यात हात मावला असता. घरातल्या दुसऱ्या कुठल्या उंबरठ्याची अशी झीज नव्हती. आल्विनाबाई गुडघ्यावर बसल्या आणि त्या खोलग्यात त्यांनी तळवा ठेवला.

लिओनाबाई कंदांची पिशवी घेऊन दारात आल्या. "म्हाताऱ्याची खोली ना ही? आमच्याकडेही होती. माझ्या आजीची स्वतःची शेगडी, स्वतःची कॉफी. सुनेच्या कॉफीला ती खरकटं पाणी म्हणायची."

"म्हणजे पटत नव्हतं त्यांचं," आल्विनाबाई म्हणाल्या.

"छान पटायचं. वेगळी शेगडी होती म्हणूनच पटायचं. होल्स्टाइनची रीत आहे ती. जमीन पोराला द्यायची आणि आपली खोली, आपली चूल, आपली गाय राखून ठेवायची. म्हणजे कुणी कुणाच्या भांड्यात डोकवायला नको. आम्ही पोरं सकाळी आईकडे खायचो आणि पुन्हा आजीकडे. तिच्याकडे साखरेचे खडे असायचे."

"लिओना, तू हे मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलंस कधी? एकदम छापूनच आणलंस. छापलेल्यावर मी काय बोलणार, सहावीत शाळा सोडलेली." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आणि मला वाटलं, तुमच्याकडे खरंच भांडण असेल. प्रत्येक घरात काही रीतीनं चालत नाही. ते करार कोर्टात लिहून ठेवायचे, बघ असला तर."

शनिवारी घर जाळलं. आम्ही बघायला गेलो नाही, धूर मात्र गावातूनही दिसत होता. आल्विनाबाई दिवसभर पडदे लावून बसल्या.

सोमवारी कोर्टहाउसमध्ये गेलो. जमीन मुलाच्या नावावर केल्याचा कागद त्यांनी पूर्वीच पाहिला होता आणि तिथंच थांबल्या होत्या. करार दुसऱ्या बुकात होता. इतकी वर्षं तो तिथंच होता, कुणी लपवलेला नव्हता. आल्विनाबाईंना अक्षरांची ती जुनी वळणं वाचवेनात म्हणून मी वाचत गेले. पूर्वेची खोली, शेगडीसह आणि बाहेरच्या दारासह. दाराची किल्ली बापाकडे. फोडलेलं जळण दाराशी. त्याच्या पसंतीची एक गाय, तो धार काढू शकेल तोवर तो काढील, नंतर सून काढील. विहिरीजवळच्या दोन झाडांची सफरचंदं. दर रविवारी चर्चला जायला गाडी, आणि गाडीत पुढची बैठक. तो कुठं जातो, कधी येतो, हे त्यास कुणी विचारू नये. इच्छा होईल तेव्हा त्यानं मुलाच्या टेबलावर जेवावं, त्याची जागा खिडकीकडची राहील.

शेवटचं वाक्य मी वाचलं तेव्हा आल्विनाबाई म्हणाल्या, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. माझ्या गावी वेगळी चूल भांडणानंतर मांडतात. या लोकांनी ती आधीच मांडून ठेवली होती, भांडण यायच्या आत. आणि सरकारी माणूस आला, त्यानं दोन शेगड्या मोजल्या आणि दोन कुटुंबं लिहून गेला. उंबरठा कुणाच्या पायांनी झिजला हे विचारायचं त्याचं काम नव्हतं.

आल्विनाबाईंनी चर्चच्या साप्ताहिक पत्रकात दुरुस्ती छापायला दिली. चार ओळी, स्वतःच्या नावानिशी. लिओनाबाईंनी त्या कॉफीच्या टेबलावर मोठ्यानं वाचल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. पण पुस्तक वाचलेले अर्धे लोक वर गेले. त्यांना कोण सांगणार?"

"मी जाईन तेव्हा सांगेन," आल्विनाबाई म्हणाल्या. त्यांना हसायला आलं नाही.

मग त्या वेंडेलकडे निघाल्या. कराराची प्रत नव्या पाकिटात घातली, धुवायला गेलेला चांगला कोट परत येईस्तोवर थांबल्या, वाटेत काचेत बघून केस नीट केले. गाडीत एकदाच बोलल्या. "ओळखील ना? कॉनी म्हणते, कधी कधी ओळखतो."

वृद्धगृहात दुपारच्या जेवणाची वेळ होती. वेंडेल खिडकीजवळच्या टेबलावर होता, गळ्याखाली रुमाल बांधलेला. किती बारीक झाला होता. आल्विनाबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यानं त्यांच्याकडे पाहून मान लववली, अनोळखी बाईला लवावी तशी.

"वेंडेल, तुला काहीतरी वाचून दाखवायचंय," त्या म्हणाल्या. प्रत पर्समध्येच राहिली, त्यांना ती आता पाठच होती. खोली, शेगडी, किल्ली, गाय, सफरचंदं. तो सभ्यपणे ऐकत होता आणि चमच्यानं कुस्करलेला बटाटा एका कडेला लावत होता. पूर्वेच्या खोलीचं नाव पुन्हा आलं तेव्हा त्याचा हात थांबला.

"फ्रीजर हलवायला पाहिजे," तो म्हणाला.

आल्विनाबाई खुर्चीत पुढं सरकल्या.

"त्याच्या मागं आहे ते. माझ्या बहिणीला दाखवायचंय." तो उठायला बघू लागला. खुर्चीचे हात धरून धडपडला. "डार्लीनला सांगा ना डुक्कर बाहेर काढायला. दहा मिनिटांचं काम आहे. बहीण थांबायची नाही."

आल्विनाबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "हलवलाय फ्रीजर. बस तू."

"हलवला?"

"हलवला. तिनं पाहिलं सगळं. भोक पाहिलं, दार पाहिलं. उंबरठाही पाहिला."

वेंडेल बसला. हे त्याला बरं वाटलेलं दिसलं. चमचा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "काय म्हणाली?"

"म्हणाली, वेंडेलचं बरोबर होतं. माझं चुकलं."

तो हसला. अगदी पूर्वीसारखा, एका बाजूनं. आणि त्यांच्या हातावर थोपटून म्हणाला, "बाई, तुम्ही चांगल्या आहात. पण तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत नाही. ती असं म्हणायची नाही."

आल्विनाबाईंनी पाकीट काढलं, त्याच्यासमोर ठेवलं, आणि मग पुन्हा उचलून पर्समध्ये घातलं. वाढणारी पोरगी आली आणि विचारलं, पाहुण्यांचं ताट पलीकडच्या टेबलावर लावू का. आल्विनाबाई म्हणाल्या, "नको. इथंच लाव." त्या जेवल्या. तो त्यांच्याशी पावसाबद्दल बोलला, मक्याबद्दल बोलला. गोड म्हणून लिंबाची वडी आली ती त्यानं खाल्ली आणि त्यांनी त्यांचीही त्याच्याकडे सरकवली.

परतताना धान्यकोठाराची उंच टाकी दिसू लागली, गाव जवळ आलं, तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "माझा चेहरा विसरलाय तो. मला नाही विसरला."